पार्कलँड, २०१८: २३ दिवसांत झालेला कायदा

फ्लोरिडाच्या विधिमंडळाचं नियमित अधिवेशन वर्षाला ६० दिवसांचं असतं. २०१८ मध्ये ते ९ जानेवारीला सुरू झालं आणि ९ मार्चला संपणार होतं. १४ फेब्रुवारीच्या दुपारी ब्रॉवर्ड काउंटीतल्या पार्कलँड गावात, मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये, त्याच शाळेच्या १९ वर्षांच्या माजी विद्यार्थ्याने एआर-१५ पद्धतीच्या, म्हणजे लष्करी धाटणीच्या, रायफलने १७ जणांना मारलं. त्यांत १४ विद्यार्थी होते आणि तीन शाळेचे कर्मचारी. आणखी १७ जण जखमी झाले. अधिवेशन संपायला त्या दिवशी सव्वातीन आठवडे उरले होते.

९ मार्चला गव्हर्नर रिक स्कॉट यांनी नव्या कायद्यावर सही केली. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन पक्षाचं बहुमत होतं, स्कॉट त्याच पक्षाचे होते आणि बंदूकवाल्यांच्या संघटनेचे, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशनचे (एनआरए), लाडके होते. फ्लोरिडाने बंदूक विकत घेण्यावर नवी बंधनं घालण्याची ही वीसहून अधिक वर्षांतली पहिली वेळ.

या प्रकरणाची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: मुलं चिडली, ट्विटरवर उतरली, वॉशिंग्टनमध्ये लाखोंचा मोर्चा निघाला, कायदा झाला. यातला क्रमच चुकीचा आहे. वॉशिंग्टनचा मोर्चा २४ मार्चचा. तोपर्यंत फ्लोरिडाचा कायदा होऊन पंधरा दिवस उलटले होते. आणि ज्या संसदेच्या दारात तो मोर्चा निघाला, तिने त्यानंतर चार वर्षं फारसं काही केलं नाही. तोच हॅशटॅग आणि तीच मुलं असताना एका ठिकाणी कायदा झाला आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. मला या प्रकरणात रस आहे तो एवढ्याचसाठी.

आधीचा फ्लोरिडा

जून २०१६ मध्ये ऑर्लँडोच्या पल्स या समलैंगिकांच्या नाइटक्लबमध्ये ४९ जण मारले गेले. तेही याच राज्यात, याच गव्हर्नरच्या काळात. समाजमाध्यमांवर तेव्हाही हळहळ आणि संताप होता, इंद्रधनुष्यी चित्रं होती. पण विधिमंडळाचं अधिवेशन मार्चमध्येच संपलं होतं. डेमोक्रॅट आमदारांनी विशेष अधिवेशनाची मागणी केली, ती बारगळली. पुढचं नियमित अधिवेशन २०१७ च्या मार्चमध्ये भरलं, तोवर सगळे दुसऱ्या विषयांकडे वळले होते.

बंदूकसमर्थकांना असं विसरून चालत नव्हतं, कारण त्यांच्याकडे मॅरियन हॅमर होत्या. एनआरएच्या पहिल्या महिला अध्यक्ष आणि अनेक दशकं फ्लोरिडाच्या राजधानीत, टॅलाहॅसीत, त्या संघटनेच्या लॉबिस्ट. एखादं विधेयक समितीपुढे आलं की हॅमर एनआरएच्या सदस्यांना ईमेल धाडायच्या: अमुक विधेयक, अमुक आमदार, हा त्याचा फोन, हा पत्ता. दुसऱ्या दिवशी त्या आमदाराची पेटी भरून वाहायची. २००५ चा 'स्टँड युअर ग्राउंड' कायदा त्यांच्याच पाठपुराव्याचं फळ. २०११ पासून तर एखाद्या शहराने वा काउंटीने स्वतःचा बंदूकनियम केला, तर तिथल्या पदाधिकाऱ्याला दंड होऊ शकतो आणि गव्हर्नर त्याला पदावरून काढू शकतो. ऑनलाइन चळवळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तरुण आणि हॅशटॅग येतात. फ्लोरिडात मात्र पडद्यावरून दबाव आणण्याचं तंत्र आधी याच बाजूने पक्कं केलं होतं, तेही साध्या ईमेलवर.

हल्लेखोराने ती रायफल २०१७ मध्ये परवानाधारक दुकानातून कायदेशीर घेतली होती, वय वर्षं १८. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ पूर्ण लागतात, रायफलीला १८ पुरत होती. (भारतातला शस्त्र अधिनियम २१ वर्षांखालच्या माणसाला बंदूक बाळगूच देत नाही, आणि नंतरही परवान्यासाठी पोलिसांकडे खेटे आहेतच. त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला हा सगळा वाद मुळापासूनच अजब वाटतो.) जानेवारीत या तरुणाबद्दल एफबीआयला फोनवरून इशारा मिळाला होता. तो पुढे पाठवलाच गेला नाही, हे एफबीआयने दोन दिवसांत कबूल केलं. म्हणजे कुटुंबीयांच्या हातात पहिल्याच आठवड्यात तीन ठोस गोष्टी होत्या: विकत घेण्याचं वय, धोका दिसत असूनही हत्यार काढून घेण्याची सोय नसणं, आणि यंत्रणेचा ढिसाळपणा. पुढे कायद्यात जे आलं ते बहुतेक याच तीन गोष्टींतून आलं.

मुलं तयार होती

ही मुलं एवढं नेटकं बोलतात तरी कशी, असा प्रश्न अमेरिकेत त्या आठवड्यात खूप विचारला गेला. काहींनी त्यातून भलतंच उत्तर काढलं, त्याकडे येतो. खरं उत्तर बरंचसं शाळेच्या वेळापत्रकात आहे. ब्रॉवर्ड काउंटीच्या सरकारी शाळांमध्ये वक्तृत्व आणि वादविवादाचे वर्ग पद्धतशीर चालतात, आणि बंदूक नियंत्रण हा त्याच शैक्षणिक वर्षातला वादविवादाचा विषय होता. शाळेत टीव्ही निर्मितीचा वर्ग होता, नाटकाचा गट होता, वर्तमानपत्र होतं. शासनव्यवस्थेच्या तासाला त्याच दिवशी दबावगट हा धडा झाला होता, उदाहरण एनआरएचं. गाव सुखवस्तू, पालक शिकलेले. ज्यांच्या नावाने शाळा आहे त्या मार्जरी स्टोनमन डग्लस पत्रकार होत्या. एव्हरग्लेड्सच्या दलदली वाचवण्यासाठी त्यांनी संघटना काढली तेव्हा त्यांचं वय ७९ होतं. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डेव्हिड हॉग शाळेच्या बातमीगटात होता. गोळीबार चालू असताना कपाटवजा खोलीत लपलेल्या मुलांच्या मुलाखती त्याने फोनवर घेतल्या. कॅमेरन कास्की हा नाटकातला मुलगा. त्याने मित्रांना घरी जमवलं आणि '#नेव्हरअगेन' हे नाव रूढ केलं. १७ फेब्रुवारीला फोर्ट लॉडरडेलच्या संघीय न्यायालयाबाहेर एमा गोन्झालेझ यांनी (आता एक्स गोन्झालेझ) राजकारण्यांची ठरीव वाक्यं एकेक करून मांडली आणि प्रत्येकाला 'ही थाप आहे' या अर्थाचं सडेतोड उत्तर दिलं. चित्रफीत देशभर फिरली. त्यानंतर उघडलेल्या त्यांच्या ट्विटर खात्याला दोन आठवड्यांच्या आत एनआरएपेक्षा जास्त फॉलोअर मिळाले.

फॉलोअरच्या या आकड्याचं माध्यमांनी फार कौतुक केलं. माझ्या मते त्याहून मोलाचं काम शाळेत अकरावीच्या वर्गाची अध्यक्ष असलेल्या जॅकलिन कोरिनने केलं. राज्य सिनेटर लॉरेन बुक यांच्या मदतीने तिने १०० मुलांना बसने टॅलाहॅसीला नेण्याची व्यवस्था चार-पाच दिवसांत उभी केली. पालकांच्या संमतीपासून बस, जेवण, झोपायच्या जागेपर्यंत सगळं त्यात आलं, आणि कोणी कोणत्या आमदाराला भेटायचं तेही. सातशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून मुलं पोचली आणि एका सभागृहाच्या फरशीवर झोपली.

त्याच दिवशी, २० फेब्रुवारीला, प्रतिनिधीगृहात एक प्रस्ताव आला होता. लष्करी पद्धतीच्या रायफलींवरचं बंदीचं विधेयक समितीत अडकलं होतं, ते थेट चर्चेला घ्यावं असा. ३६ विरुद्ध ७१ मतांनी तो फेटाळला गेला. प्रेक्षक सज्जात पार्कलँडची काही मुलं बसली होती, रडू आवरत नव्हतं त्यांना. त्याच दिवशी त्याच सभागृहाने अश्लील चित्रफिती हा सार्वजनिक आरोग्याला धोका असल्याचा ठराव मात्र मंजूर केला. दोन्ही बातम्या शेजारी शेजारी छापून आल्या. असा विरोधाभास कोणत्याही चळवळ्याला घरबसल्या रचता आला नसता, आणि ट्विटरने तो रात्रभर फिरवला.

दुसऱ्या दिवशी मुलं आमदारांच्या दालनांत शिरली. काहींनी वेळ दिला, काहींनी खांद्यावर थोपटून वाटेला लावलं. संध्याकाळी पार्कलँडजवळच्या सनराइझ इथे सीएनएनच्या जाहीर सभेत कास्कीने फ्लोरिडाचे अमेरिकन सिनेटर मार्को रुबिओ यांना एनआरएचा पैसा नाकाराल का, असं सरळ विचारलं. रुबिओ गोल फिरले, पण रायफल घेण्याचं वय २१ करायला आपला पाठिंबा असेल हे त्याच व्यासपीठावर त्यांना म्हणावं लागलं. दोन दिवसांनी गव्हर्नर स्कॉट यांनी स्वतःची योजना जाहीर केली, त्यात वय २१ होतं. स्कॉट त्या वर्षी अमेरिकन सिनेटची निवडणूक लढणार होते, हे विसरायला नको.

कंपन्यांची यादी

दुसरी आघाडी पैशाची. एनआरएच्या सदस्यांना मोटारभाडं, विमा, विमान तिकीट, संगणक सुरक्षा अशा अनेक गोष्टींवर सवलत मिळत असे. त्या कंपन्यांची यादी बाहेर आली आणि '#बॉयकॉटएनआरए' खाली लोक थेट कंपन्यांच्या खात्यांना टॅग करून विचारू लागले. २२ फेब्रुवारीला फर्स्ट नॅशनल बँक ऑफ ओमाहाने एनआरएच्या नावाचं कार्ड बंद केलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत एंटरप्राइझ, हर्ट्झ, एव्हिस, मेटलाइफ, सिमँटेक, डेल्टा आणि युनायटेड बाहेर पडल्या. फेडएक्स तेव्हा हटली नाही.

डेल्टाचा किस्सा बोलका आहे. कंपनीचं मुख्यालय जॉर्जियात. सवलत काढल्याचा राग धरून जॉर्जियाच्या विधिमंडळाने विमान इंधनावरची कोट्यवधी डॉलरची प्रस्तावित करसूट विधेयकातून काढून टाकली. ती सवलत घेऊन एकूण किती तिकिटं विकली गेली होती, हे कंपनीने नंतर सांगितलं: १३. म्हणजे एनआरएच्या सदस्यांना त्या सवलतीची फिकीर नव्हती आणि डेल्टाला त्या ग्राहकांची. भांडण सगळं कोण कोणाच्या बाजूला उभं आहे, याचं होतं.

२८ फेब्रुवारीची बातमी जास्त वजनाची. डिक्स स्पोर्टिंग गुड्स या मोठ्या दुकानसाखळीने लष्करी पद्धतीच्या रायफली विकणं थांबवलं आणि वयाची अट २१ केली. हल्लेखोराने त्यांच्याच दुकानातून एक शॉटगन घेतली होती, हल्ल्यात वापरलेली नव्हे. प्रमुख एड स्टॅक यांच्या निर्णयात याचा वाटा होता. त्याच दिवशी वॉलमार्टनेही बंदुकीसाठी वय २१ केलं. आता टॅलाहॅसीतल्या आमदारांपुढे जी मागणी होती, ती देशातल्या सर्वांत मोठ्या दुकानदाराने आधीच मान्य केली होती. उजव्या विचाराच्या आमदाराला घरच्या मतदारांना सांगायला यापेक्षा चांगली सबब कोणती?

'ही मुलं नट आहेत'

पहिल्या आठवड्यातच अफवा उठली की हॉग आणि त्याचे मित्र पैसे देऊन आणलेले नट आहेत. वडील एफबीआयमधून निवृत्त, मुलगा कॅमेऱ्यापुढे सहज बोलणारा, एवढा पुरावा पुरला. २१ फेब्रुवारीला असाच दावा करणारा व्हिडिओ यूट्यूबच्या ट्रेंडिंग यादीत पहिला होता, नंतर तो काढला गेला. फ्लोरिडातल्या एका आमदाराच्या मदतनिसाने हीच थाप पत्रकाराला ईमेलने पाठवली आणि त्याच दिवशी नोकरी गमावली. पुढे मार्चमध्ये गोन्झालेझ राज्यघटना फाडत असल्याचं बनावट चित्र फिरलं. मूळ छायाचित्रात नेमबाजीचा कागद होता.

याने चळवळीचं नुकसान झालं का? मुलांना त्रास झाला, हॉगच्या घरच्यांना धमक्या आल्या. पण त्या तीन आठवड्यांपुरतं बोलायचं तर उलटं झालं. प्रत्येक अफवेमागे खंडनाची बातमी आली आणि पार्कलँड हे नाव पहिल्या पानावर टिकलं. अशा घटनेनंतर लोकांचं लक्ष साधारण आठवडाभरात ओसरतं. इथे ते मतदानाच्या दिवसापर्यंत टिकलं, त्यात विरोधकांचाही हात होता.

सौदा

३ मार्चला, शनिवारी, राज्य सिनेट बसली. लष्करी रायफलींवर बंदीची दुरुस्ती पडली. मग एआर-१५ च्या विक्रीला दोन वर्षं स्थगिती देणारी दुरुस्ती आवाजी मतदानात चक्क मंजूर झाली, आणि काही मिनिटांतच नोंदवून मतदान घेऊन उलटवली गेली. आवाजात एक आणि नावानिशी दुसरं, हे आपल्याकडच्या सभागृहांना नवीन नाही. ५ मार्चला विधेयक सिनेटमध्ये १८ विरुद्ध २० मतांनी जेमतेम मंजूर झालं. ७ मार्चला प्रतिनिधीगृहात ५० विरुद्ध ६७.

विधेयकात काय होतं? कोणतीही बंदूक विकत घ्यायला वय २१. रायफलींनाही तीन दिवसांची थांबणूक. बंदूक वेगाने झाडायला मदत करणाऱ्या बंप स्टॉकवर बंदी. न्यायालयाच्या आदेशाने धोकादायक व्यक्तीची हत्यारं तात्पुरती काढून घेण्याची तरतूद. शाळांची सुरक्षा आणि मानसिक आरोग्य धरून सुमारे ४० कोटी डॉलर. आणि बदल्यात रिपब्लिकन आमदारांना हवी असलेली गोष्ट: प्रशिक्षण घेतलेल्या शाळा कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगू देणारी 'गार्डियन' योजना.

या शेवटच्या कलमावर चळवळ फाटली. विद्यार्थी नेते शाळेत आणखी बंदुका आणण्याच्या विरोधात होते. कृष्णवर्णीय आमदारांनी विचारलं, की शिक्षकाच्या हातात पिस्तूल असेल तेव्हा पहिला संशय कोणत्या मुलावर जाईल? बहुतेक डेमोक्रॅट विरोधात गेले. ५७ रिपब्लिकन आणि १० डेमोक्रॅट मिळून प्रतिनिधीगृहातली ६७ मतं झाली. त्या दहांत जॅरेड मॉस्कोविट्झ होते, याच शाळेचे माजी विद्यार्थी.

विधेयक तरलं ते मृतांच्या घरच्यांमुळे. १७ कुटुंबांनी एकत्र पत्र देऊन हे आहे तसं मंजूर करा, असं सांगितलं. या घरांत ट्रम्प यांचे मतदार होते, तसे कट्टर डेमोक्रॅटही. काहींना बंदुका वर्ज्य नव्हत्या. काही पालक टॅलाहॅसीत दिवसेंदिवस तळ ठोकून आमदारांना एकेकट्याने भेटत होते, कॅमेऱ्याशिवाय. हॉग-गोन्झालेझ यांची नावं सगळ्यांना ठाऊक झाली. डळमळीत रिपब्लिकन मतं वळवणाऱ्या या आई-बापांची फारशी कोणाला आठवण नाही, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना तसंच हवं होतं. मुलांच्या आवाजाने बाहेर एवढी गर्दी केली की आतला सौदा हा मधला, सौम्य मार्ग वाटू लागला. मुलांनी बंदीची मागणी सोडली असती तर वय २१ हीच टोकाची मागणी ठरली असती आणि तीही पडली असती, असं मला वाटतं. उलट कुटुंबांनीही बंदीवरच अडून राहायचं ठरवलं असतं, तर ९ मार्चला हाती शून्य आलं असतं. हे कोणी ठरवून वाटून घेतलेलं काम नव्हतं.

सही झाली त्याच दिवशी एनआरएने वयाच्या अटीविरुद्ध संघीय न्यायालयात दावा लावला.

वॉशिंग्टनमध्ये

२४ मार्चचा 'मार्च फॉर अवर लाइव्ह्ज' देशात आणि देशाबाहेर मिळून आठशेहून अधिक ठिकाणी झाला. जॉर्ज आणि अमाल क्लूनी दांपत्य, ओप्रा विन्फ्री, स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी प्रत्येकी पाच लाख डॉलर दिले. मंचावर ११ वर्षांच्या नेओमी वॉडलरने, ज्यांच्या बातम्या पहिल्या पानावर येत नाहीत अशा कृष्णवर्णीय मुलींची बाजू मांडली. ती टीका पार्कलँडलाही लागू होती. चार दिवसांनी त्याच शाळेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी पत्रकार परिषद घेऊन, आमचंही ऐका, असं सांगितलं. शिकागोत रोज गोळ्या झेलणारी मुलं वर्षानुवर्षं आंदोलन करत होती, त्यांच्यासाठी कोणी पाच लाखांचे धनादेश काढले नव्हते. पार्कलँडच्या मुलांनी शिकागोच्या मुलांना घरी बोलावलं, मोर्च्याच्या मंचावर आणलं. हे त्यांच्या श्रेयाला जातं. पण कोणाच्या दुःखाला ट्रेंड मिळतो, हा प्रश्न त्याने मिटला नाही.

संसदेपुढे मात्र कोणतीही अंतिम तारीख नव्हती. अध्यक्ष ट्रम्प यांनी २८ फेब्रुवारीला टीव्ही कॅमेऱ्यांसमोर एका सिनेटरला, तुम्ही एनआरएला घाबरता, असं ऐकवलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच व्हाइट हाउसची योजना आली तेव्हा त्यातून वय २१ गायब होतं. बंप स्टॉकवर त्यांच्या प्रशासनाने वर्षअखेरीस नियमाने बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली. खरा संघीय कायदा झाला जून २०२२ मध्ये, बफेलो आणि उवाल्डेच्या हत्याकांडांनंतर, आणि तोही बराच पातळ.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही पाहावा. मार्च २०१८ मध्ये एनआरएच्या निवडणूक निधीत २४ लाख डॉलर जमा झाले, जवळपास पंधरा वर्षांतला सर्वांत मोठा महिना. नोव्हेंबरमध्ये १८ ते २९ वयोगटाचं मतदान २०१४ च्या सुमारे २० टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. फ्लोरिडात तरीही एनआरएचे आवडते रॉन डिसँटिस निसटत्या फरकाने गव्हर्नर झाले, आणि स्कॉट सुमारे दहा हजार मतांनी अमेरिकन सिनेटवर गेले. कायद्यावर सही केल्याचा फायदा त्यांना झाला की तोटा, यावर दोन्ही पक्षांत मतभेद आहेत.

कायद्याचं पुढे

धोकादायक व्यक्तीची हत्यारं काढून घेण्याची तरतूद कागदावर राहिली नाही. फ्लोरिडाच्या न्यायालयांनी असे हजारो आदेश दिले आहेत आणि ते मागणारे बहुतेक वेळा शेरीफ असतात. गार्डियन योजना २०१९ मध्ये वर्गशिक्षकांपर्यंत वाढवली गेली, म्हणजे मुलांना जी भीती होती ती खरी ठरली. २०२३ मध्ये राज्याने परवान्याविना छुपी बंदूक बाळगायला मोकळीक दिली.

वयाची अट मात्र उभी आहे. ती फक्त खरेदीला लागू आहे. १८ ते २० वर्षांच्या मुलाला बापाने रायफल दिली तर ती चालते. संघीय अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये अट वैध ठरवली. प्रतिनिधीगृहाने ती पुन्हा १८ वर आणणारं विधेयक २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन वर्षं मंजूर केलं. राज्य सिनेटने तिन्ही वेळा ते अधिवेशन संपेपर्यंत मतदानालाच घेतलं नाही.